पानिपतच्या आजोबांना दिनविशेषात जागा

मंडळी, आज सकाळी आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीच्या फळ्यावरून वाद झाला. तिथला दिनविशेष रोज पूजा आटोपली की मीच लिहिते.

आज पौष शुद्ध अष्टमी. मी लिहिलं, ‘घटना : पानिपतची लढाई. मृत्यू : आमच्या घराण्यातले एक आचारी, पेशव्यांच्या फौजेबरोबर गेले ते परतले नाहीत.’

समोरचे लेले सर, निवृत्त इतिहास शिक्षक, डस्टर घेऊनच आले. “अहो वहिनी, पानिपत चौदा जानेवारीला झालं. आणि आचारी दिनविशेषात? उद्या दूधवाल्यालाही घ्याल!”

म्हटलं, “सर, तेव्हा घरोघरी तिथीच पाळत. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आजच त्यांचं पान वाढतात. लढणाऱ्यांना जेवायला कोण घालत होतं?”

सरांनी उगारलेलं डस्टर खाली घेतलं. मग विचारलं, “नाव काय त्यांचं?”

“ठाऊक नाही. घरात सगळे पानिपतचे आजोबाच म्हणतात.”

सरांनी डस्टर ठेवलं, खडू घेतला आणि ‘एक आचारी’ खोडून वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पानिपतचे आजोबा’. दुपारी खिरीलाही आले.

आज फार अभिमान वाटला. नाव हरवलेलं, पण तिथी जपलेली, असं तुमच्याही घरी कोणी आहे का?