मागच्या सीटखालची बॅटरी

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत एका घरापुढे चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर भर दुपारी पेटली, तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. आधी दाट पांढरा धूर निघाला, मग तडतड आवाज सुरू झाला. लोकांनी बादल्यांनी पाणी ओतलं तरी आग विझेना. विझली असं वाटायचं आणि पुन्हा आतून फुरफुरून वर यायची. कोणाला इजा झाली नाही, पण त्या घराची भिंत खिडकीपर्यंत काळी झाली. तेव्हापासून बॅटरी या शब्दाची मला धास्ती बसली. झोपण्याआधी घरातले सगळे मोबाइल मी चार्जरवरून काढून ठेवायचे.

आणि त्याच वर्षी आमच्या ह्यांनी हायब्रीड गाडी घ्यायचं ठरवलं.

यांना कामासाठी सारखं धुळ्याला जावं लागतं. नुसती इलेक्ट्रिक गाडी नको, वाटेत चार्जिंगचा भरवसा नाही, म्हणून हायब्रीड. मी म्हटलं, बॅटरीची गाडी दारात उभी राहिली तर मला झोप लागणार नाही. हे म्हणाले, हिला चार्जिंगला लावायचंच नसतं. माझे धाकटे दीर तिथेच चहा पीत बसले होते. ते म्हणाले, मग माझीही हायब्रीडच की, सीएनजीवरही चालते आणि पेट्रोलवरही.

"तुझ्या गाडीत इंधनं दोन आहेत," हे म्हणाले, "पण चाकं फिरवणारं इंजिन एकच. हायब्रीडमध्ये चाकं फिरवणारेच दोन असतात. एक पेट्रोलचं इंजिन, दुसरी विजेची मोटर."

मग त्यांनी आम्हाला सविस्तर सांगितलं. कधी नुसती मोटर गाडी ओढते, कधी नुसतं इंजिन, कधी दोघं मिळून. बॅटरी भरायचं काम गाडी स्वतःच करते. थोडं इंजिन भरतं आणि थोडं ब्रेक मारताना भरलं जातं, कारण तेव्हा चाकंच मोटरला फिरवतात आणि वीज तयार होते. काही गाड्यांवर हायब्रीड लिहिलेलं असतं, पण त्यांची मोटर इतकी लहान, की ती इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी चालवू शकत नाही. त्यांना हायब्रीड म्हणायचं की नाही यावर लोक वाद घालतात. आपली तशी नाही, आपली नुसत्या मोटरवरही चालते. हे खुशीत येऊन बोलत होते. मी एवढंच विचारलं, की ती बॅटरी असते कुठे.

"मागच्या सीटखाली."

मागच्या सीटवर अक्का बसणार होत्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई.

गाडी आली, तिची पूजा झाली. पहिल्याच दिवशी मला कळलं, की या गाडीचा आवाज कधी येतो आणि कधी येत नाही याचा काही नेम नाही. बटण दाबलं तरी शांत. काट्यांच्या जागी हिरवं 'रेडी' दिसलं की चालू समजायचं. गल्लीतून निघताना ती पाण्यावरून सरकल्यासारखी निघायची. मग कुठेतरी मध्येच इंजिन जागं व्हायचं आणि मी दचकायचे. दर वेळी हे सांगायचे, की असंच असतं. मी मान हलवायचे आणि नाकाने वास घेत बसायचे, जळाल्याचा येतोय का म्हणून.

मे महिन्यात नणंदेच्या मुलीला धुळ्यात मुलगा झाला. अक्कांना पणतू बघायचा होता. त्यांनी बाळासाठी जुन्या नऊवारींच्या मऊ गोधड्या शिवल्या होत्या. त्यांचं एक भलंमोठं बोचकं झालं. डिकीत डिंकाच्या लाडवांचे डबे आणि पापडांच्या पिशव्या भरल्या, म्हणून बोचकं मागच्या सीटवर अक्कांच्या शेजारी, दाराच्या कोपऱ्यात दाबून बसवलं.

ऊन असं होतं, की एरंडोलपर्यंतच काच हाताला चटके देत होती. पारोळ्याला उसाचा रस प्यायला थांबलो. सावली मिळाली नाही, गाडी उन्हातच उभी केली. परत बसलो तर आत भट्टी. हे म्हणाले, एसी लावलाय, होईल गार.

पारोळा मागे पडलं आणि अक्का म्हणाल्या, "मन्हा पाठमांगे काहीतरी घों घों करस."

मी एसी बारीक केला आणि कान दिला. खरंच, मागून पंख्यासारखा आवाज येत होता. दम लागल्यासारखा, वाढत चाललेला. मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वेग कमी केला. मी विचारलं, हा आवाज रोज असतो का. ते म्हणाले, असेल, आपण लक्ष दिलं नसेल. त्यांच्या आवाजावरून मला कळलं, की रोज नसतो.

मुकटीच्या अलीकडे गाडीने टुंग टुंग सुरू केलं. समोर दिवा लागला आणि इंग्रजीत अक्षरं उमटली. हायब्रीड बॅटरी गरम झाली आहे, गाडी सुरक्षित जागी थांबवा.

माझ्या डोळ्यांसमोर ती काळी भिंत आली. यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, गिअर पार्किंगला टाकला आणि म्हणाले, "अक्काला उतरव. लवकर."

मी उतरून मागचं दार उघडलं. अक्कांचे गुडघे दुखरे, एरवी त्यांना उतरायला दोन माणसं लागतात. पट्ट्याचं बटण माझ्या बोटांनी दाबलं जाईना. माझे हात घामाने ओले होते, आणि मला सारखं वाटत होतं, की त्या बसल्यात त्याच्याच खाली ती बॅटरी आहे. शेवटी यांनी पलीकडच्या दाराने आत वाकून पट्टा काढला. मी अक्कांना काखेत हात घालून अक्षरशः ओढलं. त्यांचं पातळ दारात अडकून फाटलं. तसेच आम्ही तिघं पळत, म्हणजे अक्कांच्या चालीने पळत, शेताच्या बांधावरच्या निंबाखाली जाऊन उभे राहिलो.

तिथून गाडी दिसत होती. चारही दारं उघडी. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्याने दारं हलत होती. मी धूर शोधत होते. उन्हाच्या झळा टपावरून उठत होत्या आणि प्रत्येक झळ मला धूर वाटत होती.

यांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं.

तेवढ्यात गाडी सुरू झाली.

आत कोणी नव्हतं. चावी यांच्या खिशात होती. आणि इंजिन घुर्रकन चालू होऊन आपलं आपण घुमायला लागलं. यांच्या हातातला फोन तसाच राहिला. अक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की पुढे त्यावर वळ उमटले.

"मझार कोन शे?" त्यांनी हळूच विचारलं. आत कोण आहे?

मला एवढंच वाटलं, की आता ती पेटणार, किंवा आमच्याकडे येणार.

"बंदच केली नाही मी," हे पुटपुटले. "घाईत बटण दाबायचं राहिलं. रेडीवरच आहे ती. बॅटरी उतरली म्हणून इंजिनाने भरायला घेतलं." आणि ते गाडीकडे निघाले.

मी त्यांचा शर्ट धरला. जाऊ नका म्हटलं. जळू द्या, पण तुम्ही जाऊ नका. ते म्हणाले, बंद नाही केली तर ती आणखी तापेल. त्यांनी माझी बोटं सोडवली. ते चालत गेले ते अंतर काही फार नव्हतं, पण मी अक्कांचं तोंड माझ्या खांद्याकडे वळवून धरलं होतं. यांनी आत हात घातला, बटण दाबलं आणि तसेच मागे सरकत आले. इंजिन थांबलं. पंखाही थांबला.

मग फोन लागला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, धूर आहे का, वास आहे का. दोन्ही नव्हतं. मग त्याने विचारलं, की मागच्या सीटच्या बाजूला जी जाळी आहे तिच्यावर काही सामान ठेवलंय का.

आम्हाला जाळी माहीतच नव्हती.

त्याने सांगितलं, की बॅटरी थंड ठेवायला तो पंखा त्या जाळीतून गाडीतली हवा आत ओढतो. जाळी झाकली गेली की बॅटरी तापते. म्हणून गाडी आधीच इशारा देते. दारं उघडी ठेवा, जाळी मोकळी करा, तासाभराने चालू करून बघा, दिवा गेला असेल तर सावकाश निघा.

हे पुन्हा गेले आणि जाळीवर दाबून बसलेलं बोचकं उचलून आणलं. आम्ही गोधड्या अंथरून त्यावरच बसलो. अक्का पाणी प्यायल्या आणि मग त्यांना हुंदका आला. बाळाच्या गोधड्यांनी आपल्याला मारलं असतं, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तासाभराने यांनी बटण दाबून पाहिलं, दिवा गेला होता. पण अक्का मागे बसेनात. त्यांना पुढे बसवलं आणि मागे मी बसले, बोचकं मांडीवर घेऊन. त्या उबेने माझं अंग घामाने भिजून गेलं. फागण्याच्या पुढे उतारावर इंजिन बंद झालं आणि गाडी नुसत्या मोटरवर शांत चालू लागली, तेव्हा अक्कांनी डोळे मिटून घेतले.

धुळ्याला सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी तपासली. काही बिघडलेलं नव्हतं. अक्का बाळंतिणीजवळ राहिल्या आणि महिन्याभराने एसटीने जळगावला आल्या. त्यानंतर त्या पुन्हा या गाडीत बसलेल्या नाहीत.

मी बसते. मला आता ती कशी चालते ते समजतं, मी दुसऱ्यांनाही समजावून सांगते. पण सिग्नलला गाडी थांबते, इंजिन बंद होतं, आणि ती मोटरवर निघेल की इंजिनवर हे कळायच्या आधी जी क्षणभर शांतता असते, तेवढ्यात माझा हात दाराच्या कडीवर गेलेला असतो. यांनी ते पाहिलंय.