चाळीस खुर्च्या आणि एक सॅक्सोफोन

मला एक सांगा, गाण्याच्या कार्यक्रमात विश्वास कुणावर ठेवायचा? टाळ्या वाजवणाऱ्यावर, माना डोलावणाऱ्यावर, की शेवटपर्यंत खुर्ची न सोडणाऱ्यावर? गारखेड्यात तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवून मी माणसं ओळखायला शिकलो, पण आमच्या जॅझच्या टोळक्यात तो सगळा अभ्यास कमी पडला. किस्से मात्र दुकानातल्या सुट्ट्या स्क्रूसारखे साचत गेले. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण ड्रॉवर उघडला की मूठभर निघतातच!

टोळकं म्हणजे किती? सॅक्सोफोनवर रफिकभाई, आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवलेले. ड्रमवर आणि गिटारवर चिकलठाण्याच्या कारखान्यातले दोघं. ऐकायला मी, सिल्लोडचे कापसाचे व्यापारी नाना, आणि चुकून आलेले पाच-दहा जण.

दर रविवारी संध्याकाळी एका मंगल कार्यालयाचा छोटा हॉल आम्हाला फुकट मिळायचा. एक दिवस मालक पाटलांनी सांगून टाकलं, “शेठ, लायटी जळतात, माणूस दिसत नाय. दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी, शेवटच्या गाण्याला चाळीस खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर हॉल तुमचा. नाय तर तिथं मी बुफेचं सामान ठेवतो. उभा माणूस धरायचा नाय. अन मोजायचं तुम्हीच, तुम्ही खोटं बोलत नाय.”

*

मी यात अडकलो टेफ्लॉन टेपमुळं. रफिकभाई एकदा दुकानात आले. “शेठ, हवा लीक हो रई.” मला वाटलं, कंप्रेसर असेल. त्यांनी काउंटरवर सॅक्सोफोनच ठेवला! त्याच्या वरच्या वाकड्या नळीचा जोड सैल झाला होता. नळाला गुंडाळतो ती टेप मी दोन वेढे गुंडाळून दिली. त्यांनी तिथंच उभं राहून वाजवून पाहिलं. पाहिलं म्हणजे, वीस मिनिटं वाजवलं!

कमोडचं सीट न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून ऐकत होतं. शेवटी मला म्हणालं, “टेपनं एवढं वाजतंय व्हय? मलाबी द्या एक!”

*

पाटलांनी स्वतः एकदाच अर्धा तास ऐकलं होतं. जाताना रफिकभाईंच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणाले, “सूर लावून झाले की बोलवा मला. गाणं सुरू झाल्यावर येतो.”

*

माणसं जमवायची कशी, ते बघायला रफिकभाई, नाना आणि मी नानांच्या गाडीनं गोव्याला गेलो. समुद्रकिनारी जॅझचा मोठा महोत्सव होता. समोर लाटा, वाळूत खुर्च्या, आणि स्टेजवर एक ताडमाड उंच गोरा सॅक्सोफोन वाजवत होता.

आता आपल्याकडं वरातीत वाजवणारा रंगात आला की त्याच्यावरून नोट ओवाळायची रीत. नानांना राहवेना. चपला वाळूत सोडून ते थेट स्टेजवर! उंची पाच फूट, हात काही गोऱ्याच्या डोक्यावर पोचेना. गार्ड धावत आला. तेवढ्यात तो गोरा वाजवता वाजवता गुडघ्यावर बसला आणि त्यानं डोकं पुढं केलं. नानांनी तीनदा नोट ओवाळली आणि गार्डकडं वळून म्हणाले, “बाबा, सातासमुद्रापलीकडच्याला कळलं. तुला कळंना व्हय?”

*

तिथंच एक म्हाताऱ्या बाई पियानो वाजवायच्या, महोत्सव सुरू करणाऱ्यांपैकी. रफिकभाईंनी अदबीनं विचारलं, “मॅडम, इतकी माणसं आणली कशी?”

बाई म्हणाल्या, “पहिली कित्येक वर्षं स्टेजवर सहा जण आणि समोर चार असायचे. आम्ही पुढच्या वेळी परत वाजवलं, एवढंच.”

रफिकभाईंनी माझ्याकडं विजयानं पाहिलं. “देखा शेठ? चारच! अपन तो आगे हैं!”

*

परत आल्यावर नानांनी जाहिरातीची युक्ती काढली. सिल्लोडला पुतण्याच्या वरातीत त्यांनी रफिकभाईंना जॅझच वाजवायला लावलं. नाचणाऱ्या पोरांचे पाय एकमेकांत अडकले. नवरदेव घोड्यावरून ओरडला, “काका, बंद करा हे!”

एकटा बिरा नाचत राहिला. बिरा मेंढरं राखणारा, गावात धनगरी गजीनाचाच्या ढोलावर नाचण्यात पहिला. म्हणाला, “आमच्या ढोलाचं असंच असतंय. मधीच सोडायचं, मधीच धरायचं. ह्यात अवघड काय?” आणि पाटलांनी ठरवलेल्या तिसऱ्या रविवारी तो जीपमध्ये आठ जण घालून हॉलवर हजर!

*

ड्रम-गिटारवाल्या दोघांनीही कारखान्यातली माणसं आणली होती. त्या रविवारी शेवटचं गाणं सुरू झालं. मी मागच्या रांगेत बसून मोजलं. मला धरून एकोणचाळीस. परत मोजलं. एकोणचाळीसच.

नाना कुजबुजले, “शेठ, भाभीला धरा की!” रफिकभाईंच्या बायको स्कूटीची चावी हातात घेऊन दाराशी उभ्या होत्या. नानांचं कुजबुजणं म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाणार. रफिकभाईंनी तोंडातून सॅक्सोफोन काढला. “नक्को नाना! वो मेरे कू लेने आई, सुनने कू नईं.” आणि परत वाजवायला लागले.

पाटील भिंतीशी उभे होते. बुफेची टेबलं कुठं बसतील ते बघायला मेजरिंग टेप घेऊन आले होते. टेप अर्धी उघडी, एक टोक जमिनीवर लोळत होतं. रफिकभाई अगदी हळू वाजवत होते, आणि बिराच्या जीपमधली माणसं गुडघ्यावर ताल धरत होती.

पाटलांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. घडी घातलेली एक खुर्ची ओढली, आवाज न करता उघडली आणि बसले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, “शेठ, परत मोजा. पण हिशोब इमानदारीत ठेवा. एकबी खुर्ची वाढवून सांगायची नाय.”