कडू लागून राहिलं का?

पाडव्याला कडुलिंबाचं पान दाताखाली आलं, की मला आमच्या गोरेगावची जीप आठवते. डिझेलचा वास, आणि मायच्या मांडीवर कडुलिंबाचा डहाळा. सोयाबीन काढताना तिच्या पायाला साप चावला होता. वाटेतलं सेनगाव मागे टाकून हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंत मामा तिला एकेक पान चघळायला देत राहिला. पान कडू लागेनासं झालं म्हणजे विष चढलं, असं आमच्याकडे मानत.

"अक्का, कडू लागून राहिलं का?" मामा विचारायचा.

"व्हय, कडू हाये," माय म्हणायची. तेवढ्यापुरतं माझं रडणं थांबायचं.

दवाखान्यातल्या इंजेक्शनांनी ती वाचली. यंदा पाडव्याला पान चावता चावता सहज बोलून गेली, "चव तर सेनगावातच गेलती. तुझं रडणं तेवढं ऐकू येऊन राहिलं व्हतं."