वरून टाकणारा अंकुश

अंकुश ओंजळीनं पाणी पीत नसे. आमच्या साखर कारखान्याच्या बास्केटबॉल संघात तो आला तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता. उंची सहा फूट चार इंच, आणि तहान आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. उमरग्याला सामना होता, भर उन्हाळ्यात. मध्यंतरात यजमानांचा एक माणूस कळशी घेऊन आला आणि रांगेत बसलेल्या पोरांच्या ओंजळीत पाणी ओतू लागला. सगळे घटाघटा प्यायले. अंकुशची पाळी आली तसं त्यानं हात मागं घेतले. "पेला हाय का?" म्हणाला. पेला नव्हता. "मंग ऱ्हाऊ द्या." आणि कोरड्या घशानं उरलेला सामना खेळला. मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. "नवाबाचा नातू लागून गेलास का रे? पेला हवा म्हणे!" तो नुसता हसला. मी त्या संघाचा प्रशिक्षक होतो, आणि या पोराबद्दल आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. आज ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

तो मला पहिल्यांदा मैदानावरच भेटला. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो तो उचलणाऱ्या टोळीत तो कामाला होता. दुपारच्या सुट्टीत खांबाखाली उभा राहून वरच्या लोखंडी कडीकडं बघत होता. अनवाणी, अंगभर भुसा. मी चेंडू त्याच्याकडं टाकला आणि गमतीनं म्हटलं, "टाक बघू त्या कडीत." चेंडू लांबून फेकायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चार ढांगा टाकल्या, उडाला, चेंडू वरून कडीत घातला आणि खाली आला. पुस्तकात याला डंक म्हणतात. मी तो फक्त चित्रात पाहिला होता. "अरे, लांबून फेकतात तो!" मी ओरडलो.

"कशाला सर? वर जाता येतंय की," तो म्हणाला. "वरून टाकलं की मधी कुनाचा हात येत न्हाय."

हे वाक्य पुढं मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. सरळ नेम धरायला शिकवावं तर हे वाक्य. जोडीदाराला चेंडू दे म्हणावं तर हे वाक्य. मला वाटायचं पोरगं हट्टी आहे.

आमचे चेअरमन म्हणजे एक वेगळंच प्रकरण. मैदान त्यांनीच बांधून दिलं. "व्हॉलीबॉल समद्याच कारखान्यांचा हाय सर. आपला खेळ येगळा पायजे," एवढंच कारण. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एकदा सामना संपल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "मंग, गोलकीपर कोन व्हता आपला?" पण अंकुशची उडी पाहिली आणि त्यांना वेडच लागलं. त्यांनी त्याला कारखान्याच्या हजेरीवर घेतलं, काम फक्त खेळायचं. खेळण्याचा पगार घेणारा आमच्या भागातला तो पहिलाच माणूस. मला केवढा आनंद झाला होता! मी त्याच्यासाठी सोलापूरहून मापाचे कॅनव्हासचे बूट शिवून आणले, कारण त्याच्या पायाचा बूट आमच्या बाजारपेठेत मिळणंच शक्य नव्हतं.

पण खेळणं कसलं! कुणी साखर संघाचा पाहुणा आला, बँकेचा साहेब आला, एखाद्या संचालकाचा व्याही आला, की शिपाई पळत यायचा, "अंकुशला बोलावलंय, उडी दाखवायची." जेवणावरून उठून यायचा बिचारा. ही मंडळी सावलीत खुर्च्या टाकून, तोंडात पान घोळवत बसलेली. "टाक रं वरून! आनखी एकदा!" पाहुण्यानं टाळी वाजवली की चेअरमन असे फुलायचे जणू उडी त्यांनीच मारली. मैदानाच्या कडेला पानाच्या पिचकाऱ्या पडायच्या, त्या नंतर पोरं धुवायची. दरवेशी अस्वल नाचवतो तसं चाललं होतं सगळं. मला किळस यायची. आणि किळस आली तरी मी शिट्टी वाजवून त्याला बोलावत होतोच.

तरी वर्षभरात तो खेळ शिकला. खरा खेळ. बचाव शिकला, चेंडू द्यायला शिकला, दोन्ही हातांनी नेम धरायला शिकला. कळंबच्या एका सामन्यात त्यानं एकदाही वरून टाकलं नाही, जोडीदारांना चेंडू देत राहिला आणि आम्ही मोठ्या फरकानं जिंकलो. लोक मात्र नाराज. "आज मजा न्हाय आली राव," म्हणत घरी गेले. त्या सामन्याला मुंबईच्या एका मोठ्या संघाचा माणूस योगायोगानं हजर होता, त्याचं सासर कळंबचं. पंधरा दिवसांत पत्र आलं. कार्तिकात मुंबईला निवड चाचणी, आणि निवड झाली तर कायमची नोकरी, राहायला खोली.

ते पत्र त्यानं मला तीनदा वाचायला लावलं. वाचता त्यालाही येत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मग म्हणाला, "आईला घेऊन जातो सर. तिथं घरात नळ असतोय म्हनं. आपल्या हातानं सोडायचा, आपल्या हातानं बंद करायचा."

"नळाचं काय कौतुक एवढं?" मी म्हटलं. तेव्हा त्यानं सांगितलं. येरमाळ्यापासून चार कोसांवर त्याचं गाव. बौद्धवाड्यात पंचवीस-तीस घरं. बहात्तरच्या दुष्काळात वाड्यातली विहीर खडखडीत पडली आणि पाणी राहिलं ते एका बड्या शेतकऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीला. त्या विहिरीला यांनी हात लावायचा नाही. "आई लांब बसायची, घागर खाली ठेवून. कुनाच्या मनात आलं तर वरून वतायचं. आन म्या ओंजळ धरायचो. वतनाऱ्याचा हात एवढा वर असायचा सर, की निम्मं पानी हातावरून भुईवर जायचं. दुष्काळात. भुईवर." त्यानं दोन्ही तळहात पँटला पुसले. "तवाच ठरवलं, ओंजळ म्हनून धरायची न्हाय."

मी संतापलो. "माणसं आहेत का राक्षस!" वगैरे पुष्कळ बोललो. बोलताना फार बरंही वाटलं. मी काही तसा नव्हतो. मी त्याच्या खांद्यावर हात टाकायचो, परगावी सामन्याला गेलो की हॉटेलात त्याच्या शेजारी बसून जेवायचो.

त्या साली पावसानं पुन्हा दगा दिला. ऊस वाळून चालला होता, जो होता तो अर्धा जनावरांना गेला. गळीत हंगाम महिनाभर तरी चालेल की नाही याची खात्री नव्हती. अशा वेळी चेअरमनना मोळीचा थाट मात्र पाहिजे होता. हंगामाच्या पहिल्या दिवशी उसाच्या मोळीची पूजा करतात आणि ती गव्हाणीत, म्हणजे यंत्राकडं ऊस वाहून नेणाऱ्या त्या लांब हौदात टाकतात. मग भोंगा वाजतो, कारखाना सुरू होतो. मान मोठ्या माणसाचा असतो. चेअरमननी मला बंगल्यावर बोलावलं. "सर, ऊस न्हाय तर न्हाय, मानसं तर जमली पायजेत! मुंबईचे पाव्हने येनार हायेत. गव्हानीवर तुमची ती कडी बसवू. पाच कांड्यांची बारकी मोळी बांधू. आन ती टाकंल तुमचा अंकुश. वरून! कसं?"

मी सांगितलं, आठ दिवसांवर त्याची चाचणी आहे. त्यांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडं पाहिलं. "तुमी किती वर्सं टेंपरवारी हाय सर? सहा? बैठकीत तुमचा विषय घ्यावा म्हनतोय."

बस, एवढंच. धमकी नाही, काही नाही. आणि मी "बरं" म्हणून उठलो. थू असल्या जगण्यावर!

अंकुश तयार नव्हता. "तिथं फरशी लई गुळगुळीत हाय सर. आठ दिसांनी मला मुंबईला पळायचंय." मी म्हटलं, "एकदाच रे. एक उडी. तुझ्या हातून हंगामाचा मान होतोय, लहान गोष्ट आहे का? वाड्यातली माणसं बघतील." वाड्याचं नाव काढलं आणि त्यानं मान डोलावली. कुठं बोट ठेवायचं ते मला नेमकं माहीत होतं, कारण त्यानंच विश्वासानं सांगितलं होतं.

मांडव, सनई, फेटे. पुढच्या खुर्च्यांत पाहुणे, मागं गाडीवान आणि मजूर, अगदी शेवटी अंकुशची आई. पूजा झाली, त्याच फरशीवर पाच नारळ फोडले. पाणी पसरलं, त्यात फुलं आणि हळदीकुंकू. अंकुश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, तेवढं पुसून घ्या की." मी भटजींकडं पाहिलं. "पुजेच्या जागेवर फडकं फिरवत नसतात," ते म्हणाले. माझ्या गळ्यात टॉवेल होता. वाकलो असतो तर चार हातांत जागा कोरडी झाली असती. चेअरमन माझ्याकडं बघत होते. मी वाकलो नाही.

तो धावला. उडी घ्यायच्या क्षणी पाय सरकला, गुडघा उलटा फिरला आणि एवढं मोठं शरीर फरशीवर आदळलं. लोकांनी टाळ्या आधीच सुरू केल्या होत्या, त्या मध्येच थांबवायच्या कशा म्हणून काही जण वाजवत राहिले. पुढच्या खुर्च्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मोळी घरंगळत भटजींच्या पायाशी गेली. "ती नको, दुसरी आणा, मुहूर्त टळतोय!" भटजी ओरडले. दुसरी मोळी तयारच होती! चेअरमननी ती पाहुण्यांच्या हातात दिली, ती गव्हाणीत पडली, भोंगा वाजला. अंकुशला दोन गाडीवानांनी उचलून बैलगाडीत घातलं. त्याची आई गाडीमागं पळत गेली. मी गेलो नाही. मला पाहुण्यांचे आभार मानायचे होते, कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव होतं. मानले आभार.

दुसऱ्या दिवशी कळंबच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण धावायचं विसरा. अंकुश छताकडं बघत पडला होता.

"सर, एक इचारू? ती मोळी पडली म्हनून बदलली, का म्या धरली व्हती म्हनून?"

"पडली म्हणून रे. अपशकुन मानतात."

"नारळ बी खाली आपटूनच फोडले व्हते की," तो म्हणाला आणि कूस बदलली.

दोन महिन्यांनी काठी टेकत तो माझ्या घरी आला. हातात ते बूट होते, स्वच्छ धुतलेले. "कुनाला झाले तर द्या." त्या पायाचा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. योगायोग असा, की त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं होतं. त्याला ते कळलेलं होतं. "आर्डर आली म्हनं सर. पेढे द्या की!" खरंच आनंदानं म्हणाला तो. त्या माणसाच्या मनात काडीचं विष नव्हतं. बायकोनं आतून पेढ्यांचा डबा आणून दिला. तो पायरीवर बसलेला, मी उंबऱ्यात उभा. त्यानं हात पुढं केला. मी एक पेढा उचलला आणि त्याच्या तळहातावर वीतभर वरून सोडला.

देवाशपथ सांगतो, मनात काही नव्हतं. दारात आलेल्याला खायचं देताना आमच्या घरात हात असाच जायचा. माझ्या आईचा जायचा, आजोबांचा जायचा, आणि मला ते आजवर दिसलंच नव्हतं. हॉटेलातलं शेजारी बसणं ते परगावचं होतं. हे माझं घर होतं.

तो तळहातावरच्या पेढ्याकडं बघत राहिला. मग काठीवर भार देऊन उठला. उठून उभा राहिला की त्याचं डोकं आमच्या चौकटीच्या वर जायचं. त्यानं तो लांब हात पूर्ण वर नेला, माझ्या हातातल्या डब्याच्या बरोब्बर वर आणला आणि पेढा आत सोडला.

"वरून टाकायला उडी लागत न्हाय सर," तो म्हणाला. "म्या उगंच लई उड्या मारल्या."

रागावून नाही म्हणाला. बूट पायरीवर ठेवले आणि येरमाळ्याची गाडी धरायला काठी टेकत निघून गेला. पुन्हा कधी माझ्या दारात आला नाही. मी बोलवायलाही गेलो नाही, कोणत्या तोंडानं जाणार? त्याच कायम नोकरीतून मी पुढं निवृत्त झालो, हार घेतला, भाषण केलं. कुणाला पाणी द्यायचं झालं की आजही मी आधी माझा हात कुठं आहे ते बघतो. बहुतेक वेळा तो वरच असतो, आणि मला आठवणीनं तो खाली न्यावा लागतो.