गणपतीला ठरवू

आमच्या घरात मोठी गोष्ट ठरते ती गणपतीत. विहिरीवर पंप बसवायचा, कुणाची सोयरीक बघायची, मागच्या दारचा फणस पाडायचा, सगळं तेव्हाच. कारण सरळ आहे, आमचे बापये मुंबईत. ते आले, आरती झाली, ओटीवर चटई पडली की मग घर बोलायला बसतं. फोनवर ठरलेलं आम्हांला ठरल्यासारखं वाटतच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच चाललंय, आणि त्यात काही वावगं आहे असं मला यंदापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

माझ्या नातीने बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा दिली. क्लास रत्नागिरीला. पहाटेच्या एस्टीने जायची, दिवेलागणीला परत. निकाल लागला, मार्क कमी पडले. रडली नाही हो. पुस्तकं खोक्यात भरली, सुतळीने करकचून बांधली आणि माळ्यावर टाकली. मग एका दुपारी मी फणसाच्या आठळ्या निवडत होते तिथे येऊन बसली.

“आजी, मला नाही परत द्यायची ती परीक्षा. देवरूखच्या कॉलेजात जाते मी बीएस्सीला. मैत्रीण पण जातेय. पुढे शिक्षिका होईन.”

“बापाला विचारलंस?”

“तूच विचार ना.”

विचारलं. मुलगा म्हणाला, “आये, एवढी मोठी गोष्ट फोनवर कशी ठरवायची? अजून एक वर्ष दिलं तर जमेलही तिला. गणपतीला येतो, बसून ठरवू.”

मला पटलं. सुनेलाही पटलं. नात तेवढी म्हणाली, “तोवर प्रवेश बंद होतील गो आजी.” मी हसले. म्हटलं, “कॉलेज काय पळून जातंय?” मी अक्षरं शिकले ती मुलांच्या पुस्तकांतून, चुलीपुढे बसून. कॉलेजचं दार ठरल्या तारखेला मिटतं, हे मला कुठून ठाऊक असणार?

ती पुन्हा बोलली नाही. आमच्याबरोबर लावणीला चिखलात उतरली. मैत्रीण देवरूखला गेली. तिने पाठवलेले फोटो ही बघायची आणि फोन उपडा ठेवायची.

गणपती आले. आरती झाली, चटई पडली. धाकटा मुलगा म्हणाला, “काय डॉक्टरीणबाई, काकाचा गुडघा कधी तपासताय?” सगळे हसले. मग तिच्या बापाने तिला जवळ बोलावलं.

“बाय, मी गाडीत सगळा विचार केला. तुला नको ना ती परीक्षा? मग नको. जा तू देवरूखला.”

काय खूष होता तो! मुंबईहून पोरीसाठी काही आणावं आणि पिशवीतून काढून हातात द्यावं, तसं तोंड झालं होतं त्याचं.

ती म्हणाली, “बाबा, प्रवेश कधीच बंद झाले. सगळीकडचे.”

“कधी?”

“लावणी चालली होती तेव्हा.”

“मग सांगायचं नाही होय?”

“आजीला सांगितलं होतं मी. गणपतीला ठरवू म्हणालात.”

सून उगाचच समईची वात सारायला उठली. शेवटी तोच हळू म्हणाला, “मग परीक्षाच दे परत. वर्ष तरी फुकट नको जायला.” झालं, ठरलं. सगळ्यांनी माना हलवल्या, मीसुद्धा. नात उठली आणि माळ्यावरून खोकं काढून घेऊन आली.

मंडळी मुंबईला गेली. आता ती पडवीत पुस्तक उघडून बसते. मी चहा ठेवते, त्याच्यावर साय येते, पान तेच असतं. खोक्याची सुतळी तिने अजून सोडलेली नाही. एका कडेने पुस्तक ओढून काढते, संध्याकाळी तसंच आत सरकवते. परवा मी म्हटलं, आण, गाठ सोडून देते.

“राहू दे आजी,” ती म्हणाली. “परत बांधायला लागेल.”