टोपीच्या डोंगरावर बाबा

बाबांना डोंगराने मारलं नाही.

हे आधी लिहून टाकते. परवा पहाटे बाबा झोपेत गेले आणि दुपारपर्यंत आमच्या ओटीवर कुजबुज सुरू झाली. "हार्ट पेशंट माणूस, आणि पोरीने सायकलवरून डोंगरावर नेला."

हो, नेला. काही वर्षांपूर्वी. आणि माझ्या हातून झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

आता नीट ऐका.

बाबा मिऱ्या गावचे तांडेल. म्हणजे मच्छीमार बोटीचे कॅप्टन, फक्त कॅप्टनपेक्षा जास्त ओरडणारे.

GPS आला तरी त्यांचा भरवसा डोंगरावर. पालीच्या पुढे आत एक डोंगर आहे, दर्यावरून टोपीसारखा दिसतो. तो आणि किनाऱ्यावरचं देऊळ एका रेषेत आलं की पाण्याखाली खडक. बोट वळवायची. आजोबांपासून हीच खूण.

मग बाबांची अँजिओप्लास्टी झाली.

माझा भाऊ सुहास म्हणाला, "आता बोट मी बघतंय. तू घरात बस."

चुकीचं नव्हतं त्याचं. पण बाबा असे बसले की टीव्हीसुद्धा लावेनात. बापलेकांचं बोलणंच बंद. वाढलं की जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. डोळ्यांदेखत माणूस विझत चालला होता.

डॉक्टर म्हणाले, चालू दे, सायकल चालवू दे. मी रविवारच्या सायकल ग्रुपमधली. मला तेवढंच निमित्त पुरलं. आधी बंदरापर्यंत, मग भाट्यापर्यंत, मग त्याच्याही पुढे. काही महिन्यांनी स्ट्रेस टेस्ट झाली. पास!

त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "जन्मभर त्या डोंगराकडं बगून बोट चालवली. एकदा त्येच्या डोक्यावर जायाचा हाय."

"गाडी काढू?"

"गाडी नको. वल्ही मारत गेल्यासारखा जायाचा, आपल्या ताकदीवर. आणि काळोख व्हायच्या आत घरी."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थांबत थांबत जा. हे कुजबुजणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

दिवाळीनंतरची स्वच्छ हवा होती. उजाडायच्या आधी निघालो. बाबा स्वतःच्या जुन्या काळ्या सायकलवर, पाठीला टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चपटं. विचारलं तर म्हणे, "तुला काय करायचंय?"

हातखंब्याच्या चढाला त्यांची सायकल रडायला लागली. मी माझी गिअरची दिली. आधी नाक मुरडलं. मग वरून आवाज आला, "अगो, हेला तं इंजिनच हाय!"

परत मिळाली नाही ती मला. उरलेला सगळा चढ ती काळी सायकल मी ओढली. घामाने न्हाले.

पायथ्याच्या वाडीत एका अंगणात सायकली ठेवल्या आणि चालायला लागलो. तेवढ्यात आईचा फोन.

"अगो, भिंतीवरचा आरसा कुठं गेला?"

मी बाबांच्या पाठीकडे बघितलं. बाबा गवताकडे बघत होते.

तेव्हा कुठे सगळा प्लॅन बाहेर आला. सुहासची बोट दुपारच्या आधी त्या खडकाच्या बाजूने परतणार होती. तेवढ्यात वर पोचायचं आणि बोटीवर आरसा चमकवायचा.

"त्येला दिसला पायजे, मी कुठं हाय."

शेवटच्या कातळापाशी गुडघ्याने दगा दिला. छाती ठीक होती, मी तीनतीनदा विचारलं. पण पाय उचलेना. खाली खडी उतरण, ऊन चढत चाललेलं. मी म्हटलं, बाबा, पुष्कळ झालं, इथून परत फिरू.

ते दगडावर बसून राहिले. मग म्हणाले, "हितना परत गेलो तं त्यानं मला घरात बसवलं ता बरोबरच व्हता म्हणायचा."



आरसा माझ्या पाठीला बांधला. कातळ त्यांनी हातापायांवर चढला. मध्ये एक शिवीही दिली. डोंगराला, मला नाही.

आणि वर पोचलो.

समोर सगळा दर्या. देऊळ तिळाएवढं. बोटी त्याहून लहान. बाबांनी माझ्या पाठीवरचा आरसा सोडला आणि टॉवेलाने पुसून घेतला.

मी सुहासला फोन लावला, स्पीकरवर. रेंज होती.

"कुठे आहेस?"

"खडकाच्या बाहेर. का गो?"

"टोपीच्या डोंगराकडे बघ."

बाबा आरसा हलवायला लागले. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. फोनवर नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मला वाटलं, नाही दिसणार, फार लांब आहे.

मग सगळे खलाशी एकदम ओरडले, आणि सुहासही.

"दिसला! ताई, लखलखतंय! कोण हाय वर?"

"बाबा."

इंजिनाचा आवाज कमी झाला. कितीतरी दिवसांनी सुहास बाबांशी बोलला.

"तांडेल, हलू नकोस. खूण हलली तं माजी बोट खडकावर जायेल."

बाबा हसले. इतके हसले की आरसा हातातून निसटता निसटता राहिला. मी मात्र रडत होते.

परतीच्या उतारावर सायकलवर ते माझ्यापुढे, पोरासारखे ओरडत. सूर्य बुडायच्या आत घरी. आईने आधी आरसा तपासला, मग नवरा.

पुढच्याच आठवड्यात पहाटे सुहास दारात उभा. "येतंस काय? जाळ्याला हात लावायचा नाय, नुसता सुकाणूजवळ बसायचा." बाबांची चप्पल आधीच पायात होती.

तेव्हापासून हवा चांगली असली की बाबा बोटीवर. गेल्या आठवड्यातसुद्धा.

म्हणून परवा आत्याने सगळ्यांसमोर "त्या डोंगरानंच घात केला" म्हटल्यावर मी तोंड उघडणार होते. पण सुहास आधी उठला.

"आत्ये, डोंगरानं मला बाबा परत दिला. नायतं मी त्येला जितेपणीच घालवला असता."



बाबा, तू जिंकून गेलास. तुझ्या पोरीचा आणि पोराचा तुला शेवटचा नमस्कार.