शालूने तोडलेलं तवसं

काल सुनेने काकडी चिरली आणि त्या गार, हिरव्या वासाबरोबर मी रत्नागिरीच्या आमच्या परसात जाऊन पोहोचले. एकोणीसशे तीस-बत्तीसचा सुमार असेल. मी दहा वर्षांची, धाकटी बहीण शालू पाच वर्षांची. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून शालू बोलत नव्हती. वडील मुंबईला गोदीत. काकू तिला पेज भरवायची, वैद्यांचा काढा पाजायची आणि शालू सगळं मुकाट्याने गिळायची.

त्या दुपारी मी तिला मांडवाखाली नेलं. वेलावर हातभर लांब तवसं, आमच्याकडची पावसाळी काकडी, लोंबत होतं. "तूच काढ," म्हणत मी तिला उचलून धरलं. तिने दोन्ही हातांनी ओढलं, तवसं तुटलं आणि आम्ही दोघी चिखलात बसलो. ते दगडावर फोडून मी अर्धं तिला दिलं. रस परकरावर ओघळला तरी ती खातच राहिली. मग म्हणाली, "अक्का, आणखी दे."

काकू मागल्या दारात होती. "ऐकलंत का हो? पोरीने बोलतं केलंन तिला!" ती काकांना ओरडून सांगू लागली. माझी मान ताठ झाली.

तेव्हा वाटलं, जादू तवशाची. आता वाटतं, आईमागे सगळे शालूला नुसते भरवत होते. हाताने तोडून, मनाने खाल्लेलं ते तिचं पहिलंच फळ. पुढे मी चार मुलं वाढवली, पण त्या दुपारइतका अभिमान मला स्वतःचा पुन्हा कधी वाटला नाही.